वाकडं नाणं

ही हकीगत इशबेलने मला चर्चच्या पायरीवर बसून सांगितली. देवाच्या दारात ती खोटं बोलायची नाही, आणि मीही पदरचं काही घालत नाही.

स्कॉटलंडमधलं गॅलोवे. नोव्हेंबरची अकरा तारीख. दुपारचे चार, तरी अंधारून आलेलं.

तिचा नवरा वॉटी शेतातून नाचतच घरी आला. मातीत धातू शोधायचं यंत्र फिरवताना त्याला पुरलेलं मडकं सापडलं होतं. आत चांदीची पेनी नाणी, सातशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश राजाची.

"सगळी सरकारात जमा कर हं. कायदा आहे," इशबेल म्हणाली.

"करतो गं बाई! हे एवढं ठेवतो. वाकड्याला कोण विचारतंय?"

नाणं मधोमध वाकवलेलं होतं.

"वॉटी, हे नवसाचं आहे. पूर्वी आजाऱ्याच्या डोक्यावर धरून नाणं वाकवायचे आणि संत निनियनला नवस बोलायचे. मग व्हिटहॉर्नला त्याच्या समाधीवर नेऊन वाहायचे. हे पोचलंच नाही रे..."

"सातशे वर्षं उशीर! आता निनियन दंड लावतो की काय?"

हसत हसत त्याने ते पक्कडीने सरळ केलं.

आणि वरच्या खोलीत कुणीतरी खोकलं...

वर कुणीच नव्हतं. त्यांच्याकडेच वाढणारी सहा वर्षांची नात, ऊना, समोर सूप पीत होती.

खोकला लहान मुलाचा होता. कोरडा. दमलेला.

वॉटी वर जाऊन आला. खोली रिकामी. पण उशी... गरम होती.

बाकीची नाणी त्याने जमा केली. ते एक मात्र ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ऊना तापाने फणफणली. डॉक्टर झाले, औषधं झाली. ताप हटेना. ती खोकली की वरून...

उत्तर यायचं.

इशबेलने हात पुढे केला. वॉटीने नाणं दिलं. ऊनाच्या कपाळावर धरून तिने ते पुन्हा वाकवलं.

"संत निनियन, माझी पोर वाचव. तुझ्या दारी आणून वाहीन."

सकाळी ताप उतरला.

ऊनाला शेजारी ठेवून दोघांनी त्याच दिवशी व्हिटहॉर्न गाठलं. जुन्या भिंतीच्या फटीत नाणं सरकवलं. जीव हलका झाला. घरी येऊन दार उघडलं, तर...

वरचा खोकला चालूच.

तेव्हा तिला उमगलं. ते नाणं आधीच कुणाच्या तरी लेकरासाठी बोललेलं होतं. तिने ते आपल्या नातीच्या नावाने वाहून टाकलं.

ऊना आता धडधाकट आहे. इशबेल रोज त्या दुसऱ्या लेकरासाठी मेणबत्ती लावते. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं 'बाळ' म्हणते.

"गेल्या आठवड्यात खोकला थांबला," ती म्हणाली.

"बरं झालं असेल गं," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"नाही. आता वर कुणीतरी बाई रडतेय..."