शेपटीवरचं कडं

आप्पांनी त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं पांढरे उंदीर सांभाळले. ते गेले आणि त्यांच्या जागी त्यांची लेक, ठकी, लागली. काम तसं सोपं. उजव्या पिंजऱ्यातल्या उंदरांना रोज सकाळी ओंजळीत घेऊन कुरवाळायचं आणि हात लावला याची खूण म्हणून शेपटीवर मार्करने काळं कडं काढायचं. डाव्या पिंजऱ्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. माया न मिळाल्याने त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन चढतं का, आणि ते चढलं की आकडी लवकर येते का, एवढंच प्रयोग चालवणाऱ्या बाईंना तपासायचं होतं.

ठकीला विचारलं असतं तर तिने फुकटात सांगितलं असतं! आकडी लहानपणी तिच्या पाचवीलाच पुजलेली. आली की आप्पा तिचं डोकं मांडीवर घेत, कानामागे अंगठा फिरवत म्हणत, "मी आहे ना गं, मग?" पुढे आकडी थांबली. आप्पा गेले आणि महिन्याभरात ती तीनदा आली. ठकीने कुणाला सांगितलं नाही. आता पडले तर धरणारं कोण?

एके दुपारी बाई भडकल्या. "डावीकडच्यांना हात लावतेस?"

"नाही हो, शप्पथ!"

"मग हार्मोन उतरलं कसं? आकडी यावी म्हणून सुई टोचली, तरी एकालाही येत नाही. बापासारखीच मायाळू तू. माझ्या कामाची माती करू नकोस, बयो."

ठकी खोलीत गेली, दाराला आतून कडी लावली. डाव्या पिंजऱ्यात आठ उंदीर शांत बसले होते. आठही शेपट्यांवर काळं कडं होतं. कड्याची दोन टोकं जुळलेली नव्हती.

आप्पांची कधीच जुळायची नाहीत. ती त्यांना त्यावरून चिडवायची.

तिला आधी रडू फुटलं, मग राग आला. "उंदरांना धरता होय, आप्पा! आणि पोटची पोर वाऱ्यावर?"

जिभेवर गंजाची चव आली. आकडीची ही खूण ती ओळखून होती. टेबल हाताला लागलं नाही.

शुद्ध आली तेव्हा ती फरशीवर होती. कुठे खरचटलंही नव्हतं. कानामागे ऊब होती.

दाराची कडी तशीच होती.

मनगटावर काळं कडं होतं, न जुळलेलं. ती त्यावरून बोट फिरवायला गेली, तर बोटाला शाई लागली.