शेवटच्याच्याही मागे

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला थाप वाटते त्याने जानेवारीत, धूळ उतरलेल्या दिवशी, फातागाच्या उतारावर सायकल घेऊन यावं. सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं. एकट्याने मागे राहावं.

मग काय ते बोलू.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. भुताला अंधारच लागतो असं म्हणणाऱ्यांनी ग्रान कनारिया बेटावरची धूळ पाहिलेली नाही. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून येते. आली की सूर्य नासक्या बलकासारखा दिसतो, दातांत कचकच होते, आणि समोर चाललेला माणूस बघता बघता... पुसला जातो.

थंडीत इथे सायकलवाल्या पाहुण्यांची रीघ लागते. तिकडे नॉर्वे-जर्मनीत बर्फ पडतो, म्हणून इकडे येऊन घाम गाळायची हौस. राहायला हॉटेल, भाड्याची सायकल, सोबतीला गाईड. एक गाईड सगळ्यांच्या पुढे. एक सगळ्यांच्या मागे. या मागच्याला इथे झाडू म्हणतात. दमलेला, पडलेला, पंक्चर झालेला, सगळ्यांना गोळा करत यायचं. झाडूच्या मागे कोणी म्हणजे कोणी उरता कामा नये.

झाडूचं एक वाक्य ठरलेलं असतं.

"जा पुढं. मी आहे मागं."

आदल्या हिवाळ्यात नाउसेत नावाचा पोरगा झाडू होता. उतारावर एका पाहुण्याची ट्यूब बदलून दिली, त्याला हेच वाक्य म्हणाला आणि हात पुसत मागे थांबला. खालच्या बारमध्ये पुढच्या गाईडने, रुईमानने, पाहुणे मोजले. सगळे होते. बिअर झाली, हसणं-खिदळणं झालं, सगळे हॉटेलवर गेले.

झाडूला कोण मोजतो?

नाउसेत दुसऱ्या दिवशी सापडला. शेळ्यावाल्याला. दरीत. गाडीने उडवला की धुळीत वळण चुकलं, कोणालाच ठाऊक नाही. लगेच मेला नव्हता, एवढं मात्र डॉक्टर म्हणाले.

सायकली भाड्याने देणाऱ्या मालकाने नाउसेतच्या आईला सांगितलं, "तो तसा आमचा नोकर नव्हता." आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांची पुढची टोळी त्याच उतारावरून नेली. आणखी ऐका. नाउसेतच्या नावाने शिवलेली नवी जर्सी कपाटात होती. खांद्यावरचं नाव उसवलं आणि ती पुढच्या झाडूला दिली.

ती इदायरा नावाच्या पोरीला मिळाली. खांद्यावर नावाच्या टाक्यांची भोकं तशीच.

तिने नोकरी का धरली? कारण तिच्या गल्लीतली घरं एकेक करून पाहुण्यांना राहायला गेली, आणि ती नि तिची आई एका खोलीत आल्या. भाडं भुताला भीत नाही. पण दर दुपारी त्या उताराला लागलं की एकच विचार तिच्या डोक्यात भुणभुणायचा. मी इथे पडले, तर मोजणार कोण?

त्या दिवशी सकाळीच आभाळ पिवळं झालं होतं.

"आज नको नेऊ रे," गॅरेजच्या दारात ती रुईमानला म्हणाली.

"मालकाला सांग. पाहुण्यांनी पैसे भरलेत म्हणतो."

"उन्हाचे भरलेत. माती खायचे नाही."

"मग तूच सांग की त्यांना!"

"मला काही सांगू नका," मागून टोरुनबाई म्हणाल्या. त्या नॉर्वेच्या, सत्तरीच्या पुढच्या, दर हिवाळ्याला येणाऱ्या. बेटावरची भाषा शिकल्या होत्या, शिव्यांसकट. "मी घरी बर्फ उपसून आलेय. मातीला काय घाबरते?"

चढ निभला. वर तुंते गावच्या चौकात कॉफी झाली. रस्त्याकडेच्या बदामांना फुलं आली होती, पण त्या धुळीत ती राखेसारखी दिसत होती.

मग उतार.

रुईमान टोळी घेऊन सुसाट गेला. शेवटी टोरुनबाई, आणि त्यांच्या मागे इदायरा. फातागा गाव मागे पडलं आणि बाईंची साखळी उतरली. इदायराने ती बसवून दिली. हात काळे झाले.

"जा पुढं. मी आहे मागं."

बाई पायडलवर पाय ठेवून थांबल्या. "आणि तुझ्या मागं कोण, पोरी?"

"माझ्या मागं कोणी नसतं. म्हणून तर मी झाडू."

"हे काय बरोबर नाही," बाई पुटपुटल्या आणि धुळीत शिरल्या. थोडा वेळ त्यांचं पिवळं जाकीट दिसलं. मग तेही नाही.

इदायराने चड्डीला हात पुसले आणि निघाली.

वारा पडलेला. पाखरू नाही. शेळीची घंटा नाही.

मग मागून कोणीतरी ओरडलं...

"गाडी!"

टोळीत मागच्याने पुढच्याला अशीच हाक द्यायची असते. इदायरा सवयीने कडेला झाली.

गाडी आली नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं. मागून गाडी आल्याची हाक शेवटचा माणूस देतो... शेवटची तर ती होती.

तिने पायडल मारणं थांबवलं. उतारावर सायकल नुसती सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते. तिच्या चाकातून आली.

टिक टिक टिक टिक...

त्यात आणखी एक टिकटिक मिसळलेली होती. जरा मंद. जरा मागून.

तिने ब्रेक दाबला. तिची टिकटिक थांबली.

दुसरी... थोड्या वेळाने थांबली.

"कोण आहे?"

कोणी पाहुणा लघवीला थांबला असेल, फोटो काढत राहिला असेल. मग आपण त्याला सोडून पुढे आलो? असं कसं झालं?

"अहो, कोण मागं राहिलंय? बोला ना!"

मग आवाज आला. शांत. बेटावरच्याच माणसाचा.

"जा पुढं. मी आहे मागं."

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? जीव घेऊन पळालो असतो. इदायराही पळाली असती. पण झाडूच्या मागे माणूस असताना झाडू पुढे जात नाही. एकदा तसंच झालं होतं, फक्त तेव्हा मागे राहिलेला झाडूच होता. तिने सायकल वळवली आणि चढाला लागली.

"थांबा तिथंच! येतेय मी!"

चढत गेली. वळण आलं. दगडी कठड्याचा एक तुकडा तिथे ढासळलेला आहे, अजून बांधलेला नाही. कठड्याला प्लॅस्टिकची फुलं बांधलेली आहेत. नाउसेतच्या आईने.

कोणी नव्हतं.

आणि टिकटिक सुरू झाली...

मागून.

म्हणजे आता उताराच्या बाजूने, जिकडून ती आली होती तिकडून. ती गर्रकन वळली. टिकटिक वरून यायला लागली. पुन्हा वळली. पुन्हा पाठीमागे. तोंड कुठेही करा, ते तिच्या मागेच होतं. ती गोल गोल फिरत राहिली. धुळीत रस्ता कुठे, कठडा कुठे, काही कळेना.

मग तिच्या मागच्या चाकाला दुसरं चाक घासलं.

हळूच. घस्स.

तिने एक पाय मागे टेकवला. टाचेखालून खडी सुटली आणि खाली जात राहिली... जात राहिली... पडल्याचा आवाज आलाच नाही.

"मला मोजलंय का रे कोणी?" ती रडत ओरडली. कोणाला, तिलाही ठाऊक नाही.

कोणीतरी तिच्या मानेशी श्वास सोडला. चढ चढून आलेल्या माणसासारखा, दमलेला.

आणि हॉर्न वाजला.

सारखा. लांबच लांब. दोन पिवळे दिवे धुळीतून वर आले, आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर लोंबणाऱ्या टोरुनबाई तिच्या नावाने बोंबलत होत्या.

खालच्या बारमध्ये काय झालं ते तिला नंतर कळलं. रुईमानने पाहुणे मोजले. सगळे होते. "चला," म्हणाला. टोरुनबाई रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या.

"झाडू कुठंय?"

"येईल हो बाई. तिला सवय आहे."

"गेल्या वर्षीच्यालाही सवय होती ना? मी त्या टोळीत होते, गधड्या! मीही बिअर पीत होते!"

तेव्हा कुठे त्याने बारवाल्याची व्हॅन मागितली.

बाईंनी इदायराला आत ओढलं, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि बाहेर डोकावल्या.

"आणि दुसरा?"

"दुसरा कोण?" इदायराने विचारलं.

"तुझ्या मागं उभा होता तो. असलीच जर्सी घातलेला. दिव्यात दिसला की मला..."

"दुसरा कोणी नाही," रुईमान म्हणाला. बाईंचं वाक्य संपायच्या आत. त्याने व्हॅन वळवली. पूर्ण रस्ताभर त्याने आरशात एकदाही पाहिलं नाही.

इदायराने नोकरी सोडली नाही. आता रुईमान तिला मोजतो. पाहुण्यांच्या आधी मोजतो.

पण आमच्या गॅरेजात रीत अशी, की झाडू सगळ्यात शेवटी आत येतो आणि शटर तोच ओढतो. इदायरा आता ते पूर्ण ओढत नाही. खाली हातभर फट ठेवते. मालक बोंबलला, "चोरांना आवतण देतेस का?" तिने फट तशीच ठेवली.

एका संध्याकाळी मालकाने तिरमिरीत स्वतः शटर ओढलं. जमिनीपर्यंत. खटकन कुलूप लावलं. सगळे आतच होते.

बाहेरून आवाज आला...

टिक... टिक... टिक...

शटरपाशी येऊन थांबला.

"बाहेर कोण राहिलंय?" मालकाने विचारलं. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी बारीक आवाजात.

रुईमान मोजायला लागला. मोठ्याने, एकेकाकडे बोट करत. शेवटी इदायरापर्यंत आला.

बोट तिथे थांबलं नाही. ते हळूहळू शटरकडे वळलं, आणि त्याने पुढचा आकडा म्हटला.

शटर खालून एकदाच थरथरलं.

मालकाने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. तेव्हापासून फट आहे तशी आहे. चोरी एकदाही झालेली नाही.

फक्त सकाळी गॅरेज उघडलं की फरशीवर लाल धुळीची एक रेघ असते. टायरच्या रुंदीची. फटीपासून निघते आणि नाउसेतची सायकल टांगायची त्या रिकाम्या खुंटीखाली येऊन संपते. आभाळ स्वच्छ असलं, समुद्र निळाशार असला, तरी असते.

रोज कोणीतरी ती पुसतो. कोण, ते विचारू नका. पुसताना तो पाठ भिंतीला लावून पुसतो, एवढंच मी सांगतो.