धारेवर मागून आलेली

माझ्या सुयोगदादाला पुढच्या रविवारी त्याच्या ट्रेकिंग ग्रुपला डोंगरावर न्यायचं होतं. त्याआधी वाट कशी आहे ते बघून यायचं, एवढंच काम. मी अंबरनाथ एमआयडीसीत लॅबमध्ये आहे, त्या दिवशी सुट्टी होती. म्हटलं, मी पण येते. आई म्हणाली, "तेजल, तुला गच्चीच्या कठड्यावरून खाली बघवत नाही, तू कुठे निघालीस?" मी हसले. कुळगावहून बाइकवर निघालो तेव्हा छान ऊन होतं.

झाडी संपली, सुट्या दगडमातीचा घसारा संपला आणि समोर ती धार आली. दोन डोंगरांना जोडणारी कातळाची भिंतच. माथ्यावर दोन पावलं शेजारी शेजारी मावणार नाहीत, आणि दोन्हीकडे दरी. पार खाली खरवईच्या नव्या टॉवरांवरच्या पाण्याच्या टाक्या खड्यांएवढ्या दिसत होत्या.

"उभी राहू नको. घोड्यावर बसतात तशी बस आणि हातांवर जोर देऊन पुढे सरक," दादा म्हणाला. "माझ्याकडे बघ. खाली नाही."

तशी सरकत मी मध्यावर आले आणि दरीतून ढग वर चढला. आधी दरी गेली. मग दादाची पाठ. मग माझे स्वतःचे गुडघेही अंधुक झाले.

"दादा..."

"आहे मी. तू अजिबात हलू नकोस. पुढचा टप्पा अवघड आहे, दोर लावतो आणि तुला घ्यायला येतो."

त्याच्या बुटांचं घासणं पुढे पुढे गेलं, मग ऐकू येईना. वारा पडला. ओल्या दगडाला शेवाळाचा वास येत होता.

आणि मग तसंच घासणं मागून यायला लागलं. थांबत थांबत. मी आले होते तसंच कुणीतरी कातळावरून सरकत येत होतं. वाटलं, दुसरे ट्रेकर असतील. वळून बघायला गेले तर तोलच जायला लागला, म्हणून पुन्हा समोर तोंड केलं.

"कोण आहे?"

"ताई... जरा जाऊ द्या..." बाईचा आवाज. दमलेला.

"अहो, इथे कुठे जागा आहे? थांबा. माझा भाऊ दोर लावतोय."

"नाही थांबता येत... वाका जरा..."

माझ्या खांद्यांवर दोन हात टेकले. झटकले असते तर मीही खाली गेले असते. मी कातळावर पालथी झाले, डोळे मिटले. पाठीत गुडघा रुतला. श्वास कोंडला. मग डोक्यावर तळवा पडला आणि ते वजन पुढे उतरलं. डोळे उघडले तर समोर नुसतं पांढरं. घासणं मात्र दादाच्या दिशेनं चाललं होतं.

"तेजू?" धुक्यातून दादाचा आवाज आला. "तुला तिथेच थांब म्हटलं होतं ना?"

"दादा, मी इथेच आहे!"

"कानाशी कुजबुजू नको. आलीस ना आता? अगं, पाठीवर नको... तोल जाईल माझा..."

"दादा, ती मी नाही! दादा!"

"तेजू, हात काढ... अगं जागा कुठंय..."

एक दगड सुटला. तो खाली पडल्याचं ऐकूच आलं नाही. मी ओरडत राहिले, पण वीतभरही पुढे सरकता आलं नाही मला. कातळाला कवटाळून नुसती पडून होते. माझा भाऊ माझं नाव घेऊन विनवत होता, मग तेही थांबलं.

ढग सरकला तेव्हा दादा माझ्यासारखाच पालथा पडला होता. जिवंत. दोन्ही तळहात सोलवटलेले. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू मागे कशी?" त्यानं विचारलं. "आत्ताच तर मला ओलांडून पुढे गेलीस."

त्याच्या पुढे धार तुटली होती. तिथून पुढे पाय ठेवायला काहीच नव्हतं.

खाली कसे आलो, नीट आठवत नाही. दादानं वाट खराब आहे सांगून ट्रेक रद्द केला. आईला बीपीचा त्रास, तिला आम्ही काहीच बोललो नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी एका हळदीला निघालो होतो. आई पुढे उतरली, मी कुलूप लावत मागे राहिले. कुलूप अडत होतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आईचा आवाज आला.

"अगं तेजल, दमानं! जिना काय पळून जातोय? जा बाई, तू जा आधी."

मी दारातच होते. किल्ली अजून कुलपात होती.