टेपचं दुसरं टोक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याबाबतीत घडलंय. अजून घडतंय.

एक जुनी शाळा पाडून तिथे नवी इमारत उभी राहणार आहे. त्याआधी तिथलं काय जपायचं, जमिनीखाली जुनं काही आहे का, हे तपासून अहवाल देणं माझं काम. खरं तर आमचं. नवरा टेपचं शून्याचं टोक धरायचा, मी आकडा वाचायचे. टोक नीट धरलं की तो दोन झटके द्यायचा. "शून्य माझ्याकडे, बाकी सगळा पसारा तुझा!" असं चिडवायचा.

तो गेल्यावरचं हे पहिलंच काम.

त्या संध्याकाळी मोठ्या वर्गात टेपचं टोक पलीकडच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं आणि दारापाशी आले.

टोक निसटलं.

परत अडकवलं. परत निसटलं.

वैतागून सवयीनं बोलून गेले, "धर ना रे नीट!"

आणि टेप... ताणली गेली.

पलीकडची भिंत अंधारात दिसत नव्हती. मग झटके आले.

एक... दोन...

तीन.

तो माझा नवरा नव्हता.

तरी मी टेप सोडली नाही. आकडा वाचला, लिहून घेतला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्यासोबत काम करत होतं!

घरी नकाशा काढायला बसले. वर्गाची लांबी अख्ख्या इमारतीपेक्षा जास्त भरत होती.

म्हणजे टोक धरणारा... भिंतीच्या पार पलीकडे उभा होता.

चुकीच्या मापावर अहवाल देता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. टोक जमिनीवर नुसतं ठेवलं. तीन झटके आले. माप कमी भरलं.

त्याच्या पुढच्या दिवशी आणखी कमी.

ठेकेदाराचा रोज फोन. "ताई, मशीन गेटवर उभी आहे. एक खोली किती दिवस मोजणार? उद्या अहवाल आला नाही तर काम दुसऱ्याला देतो बघा."

त्याचं बरोबर आहे. त्या वर्गात जपण्यासारखं काहीच नाही. तेवढी एक ओळ लिहिली की मी मोकळी. मग वर्ग जमीनदोस्त होईल.

काल टेप हवेत ताणलेली होती आणि माप आलं... जेमतेम हातभर.

समोर कुणीच नव्हतं.

मला भीती वाटते. डोळ्याला डोळा लागत नाही. आज सकाळी ती ओळ लिहायला बसले होते. लिहिली नाही.

घरातली खिडकी पडद्यांसाठी मोजायची कधीची राहिली आहे. इथे दुसरं टोक धरायला कुणी नाही.

संध्याकाळ होत आली. टेप पिशवीत टाकली आहे.