भोंग्यातला भुंगा

ह्यांनी आयुष्यभर दोनच गोष्टींवर जिवापाड प्रेम केलं. त्यातली एक मी, असं समजून मी संसार केला. दुसरी म्हणजे ते भोंगे.

भोंगे साधेसुधे नव्हेत. जुनं चित्रपटगृह बंद पडलं तेव्हा पडद्यामागून काढलेले, लाकडी, तोंडं एवढी रुंद की आमची लेक लहानपणी त्यात बसून गृहपाठ करायची. ते घरात आले त्या दिवशी जेवणाचं टेबल व्हरांड्यात गेलं, ते काही परत आत आलं नाही. भोंगे आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून सरकता येईल एवढी फट उरली, आणि त्या फटीत ह्यांचं राज्य. तिथे एका फळीवर त्यांनी स्वतः जोडलेले व्हॉल्व्हचे, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, दोन अँप्लिफायर होते, एकेका भोंग्याला एकेक. दुकानात तयार मिळतात की, असं मी एकदाच म्हणाले होते. त्यानंतर घरात जो अबोला पसरला, तो मोडायला मलाच सोल्डरची तार आणून द्यावी लागली.

ह्यांची नोकरी विजेचे मीटर तपासण्याची. माझी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेवढंच लिहायचं, न दिसलेलं लिहायचं नाही, ही सवय मला हाडामांसात भिनलेली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना ‘म्हातारीला भास झाले’ असं कुणी परस्पर ठरवू नये.

या जुन्या भोंग्यांची एक खोड असते. चिमूटभर विजेवर ते खोली दणाणून सोडतात. त्यामुळे अँप्लिफायरमध्ये जी घुरघुर साध्या स्पीकरवर कुणाला कळणारही नाही, ती इथे घरभर ऐकू येते. हे तिला ‘हम’ म्हणायचे, मी ‘भुंगा’ म्हणायचे, आणि घरात माझाच शब्द चालला. भुंगा घालवायला प्रत्येक अँप्लिफायरच्या पाठीला एक बारीक स्क्रू होता. तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आवाज नाहीसा होईल ती जागा शोधायची. व्हॉल्व्ह जुने होत जातात, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा निघायचं. आणि ते एकट्याचं नव्हतंच. हे मागे फटीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे, मी पुढे स्टुलावर बसून भोंग्याच्या तोंडाशी कान लावलेली.

“येतोय,” मी म्हणायचे. “येतोय. कमी झाला. अजून थोडा. पुढे गेलात, मागे या.”

दर वेळी एक भांडण ठरलेलं. मी ‘डावा’ म्हटलं की हे उजव्या भोंग्याचा स्क्रू फिरवायचे, कारण ते माझ्याकडे तोंड करून उभे, त्यांचा डावा हात तो माझा उजवा. जन्मभर मीटरचे आकडे अचूक वाचणाऱ्या माणसाला एवढं लक्षात राहू नये? “माझा डावा हो, तुमचा नाही,” हे मी इतक्यांदा ओरडले आहे की लेकीने ते पोपटासारखं पाठ केलं होतं. रस्ता ओलांडताना विचारायची, आईचा डावा की बाबांचा?

भुंगा पुरता नाहीसा झाला की मी ‘झालं’ म्हणायचे. मग मागून स्क्रू ड्रायव्हर पत्र्याच्या डब्यात टाकल्याचा टण् आवाज, सपातांची फरफट, आणि माझ्या पाठीमागच्या वेताच्या खुर्चीची कुरकुर. बसले की हे म्हणायचे, “जा आता तू मागे.” रेकॉर्ड प्लेअर मागेच होता, आणि गाण्याचा पहिला सूर चुकवायचा नाही म्हणून सुई टेकवण्याची जबाबदारी माझ्यावर. मी बिचारी फटीत उभी राहून गाणी ऐकायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. व्हॉल्व्हची ऊब पोटऱ्यांना लागायची, सोल्डरचा वास यायचा, आणि भोंग्यांपलीकडे हे डोळे मिटून बसलेत हे न बघताही कळायचं.

हे मागच्या थंडीत गेले. दवाखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत. त्यात गूढ काही नव्हतं.

पुढे लेकीने लकडा लावला की आता माझ्याकडे चल. तिचं चुकत नव्हतं. माझे गुडघे गेलेले, रक्तदाब वर, आणि डॉक्टरांनी हृदयाबद्दल दोन शब्द तिला बाजूला घेऊन सांगितलेले. मी हो म्हणाले. भोंगे तिच्या दारातून आत जाणार नव्हते, म्हणून ते ह्यांच्या मित्राकडे जायचे ठरले. ते घड्याळं दुरुस्त करतात, घरात त्यांना आम्ही घड्याळवालेच म्हणतो. लेक येऊन सामान बांधायला लागायची होती, आणि मला जायचं नव्हतं. घराचं एवढं वाटत नव्हतं. पण ती फट इथेच राहणार आणि मी दुसरीकडे, हे काही केल्या पचत नव्हतं.

घड्याळवाल्यांना देण्याआधी यंत्रं चालू स्थितीत आहेत का बघावं, म्हणून एका दुपारी मी अँप्लिफायरवरची चादर काढली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. धूळ तापल्याचा वास सुटला. मग भुंगा आला, इतक्या महिन्यांनी, अगदी भरपेट. मी स्टुलावर बसले, कान लावला आणि तोंडातून आपसूक निघालं, “येतोय.”

भुंगा कमी झाला.

मी काही दचकले नाही. जुने व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात, सांध्यांवर गंज चढतो, आवाज वर-खाली होणारच. एवढं मला इतक्या वर्षांच्या सहवासाने कळत होतं. बटण बंद केलं आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले.

दुसऱ्या दुपारी मात्र लॅबमधली बाई जागी झाली. म्हटलं, पारखून बघू. आधी नुसतीच बसले, तोंडातून अक्षर नाही. हातातला चहा गार झाला तरी भुंगा होता तसाच. मग म्हणाले, “येतोय.” लगेच उतरला. “अजून थोडा.” अजून उतरला. “पुढे गेलात.” जरासा वाढून परत खाली बसला.

तरीही मनात म्हटलं, योगायोग असेल. आणि मग मी म्हणाले, “डावा.”

उजवा भोंगा बदलला.

मी उठून मागे गेले. फटीत कुणी नव्हतं. स्क्रूच्या खाचेवर मी पूर्वी नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला होता, कुठवर फिरला ते कळावं म्हणून. डाव्या भोंग्याचा ठिपका जागच्या जागी होता. उजव्याचा वळलेला होता. मी पुढे येऊन स्टुलावर बसले आणि रडत रडत म्हणाले, “माझा डावा हो, तुमचा नाही.”

डावा भोंगा शांत होत गेला.

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते काय सांगू. नवी नवरी असताना एवढं नटले नसेन. आवरून बसायचे, केस विंचरायचे. गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. फोनवर लेक म्हणाली, आई, आवाज किती टवटवीत झालाय तुझा. मी तिला काही बोलले नाही. भुंगा कधीच नाहीसा व्हायला आला होता, पण मी लबाडपणे म्हणत राहायचे, येतोय, अजून थोडा आहे. कारण ‘झालं’ म्हटलं की काम संपलं. मग मागून टण् आवाज येईल, किंवा काहीच येणार नाही. यातलं काय जास्त सोसवणार नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

लेक आली. भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळली, खोकी भरली. घड्याळवाले उद्या माणसं घेऊन येतो म्हणाले. त्या दुपारी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी बाहेर येऊन बटण दाबलं आणि स्टुलावर बसले.

भुंगा अगदी धाग्याएवढा होता. मी काही म्हटलं नाही, तरी तो आपणहून बारीक होत गेला. ह्यांनाही उद्याचं कळलं असावं.

मी भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला. लाकूड गार होतं.

“झालं,” मी म्हणाले.

मागे पत्र्याच्या डब्यात टण् आवाज झाला.

सपाता फरफटल्या. माझ्या पाठीमागे वेताची खुर्ची कुरकुरली. मी वळून बघितलं नाही. उभ्या आयुष्यात प्रथमच मी न बघता एखादी गोष्ट मान्य केली.

“जा आता तू मागे.”

मी उठले. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. मागे गेले, फटीत शिरले, सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. पोटऱ्यांना ऊब लागली.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. कप खाली पडल्याचं ऐकलं. अगं, आले, ही बाजू संपू दे, असं मी मागून म्हणाले. पण ती स्टुलापाशी गुडघ्यांवर बसून मोठमोठ्याने ‘आई, आई’ करत होती.

पुढचं मला सलग आठवत नाही. माणसं आली, गेली. चादर पुन्हा अँप्लिफायरवर पडली. ती कधी काढली गेली ते सांगता येणार नाही, पण उजेड दुपारचा होता.

घड्याळवाले आणि लेक, दोघंच होते. घड्याळवाल्यांनी बटण दाबलं. भुंगा भरपेट आला. ते म्हणाले, फार घुमतंय, मागे जाऊन बघतो.

“थांबा, काका,” लेक म्हणाली. “आई इथेच बसलेली सापडली मला. कान असा लावून.”

ती माझ्या स्टुलावर बसली. भोंग्याच्या तोंडाशी कान नेला. मग लहानपणीच्या आवाजात म्हणाली, “येतोय.”

पलीकडे वेताची खुर्ची हलकेच कुरकुरली. मी डब्यातून स्क्रू ड्रायव्हर उचलला.

भुंगा उतरला.

लेकीचा श्वास मला भोंग्यातून ऐकू येत होता. “डावा,” ती म्हणाली.

मी डाव्या हाताचा स्क्रू फिरवला.

“अरेच्चा,” घड्याळवाले पुटपुटले, “उजवा कमी झाला.”

लेकीने भोंग्याच्या आत, पार काळोखापर्यंत, टक लावून पाहिलं.

“माझा डावा, आई,” ती म्हणाली. “तुझा नाही.”