छत्री घ्यावी की नको?

तळवड्याच्या आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर मी चहाची वाट बघत होते, तेवढ्यात शेजारच्याच्या मोबाइलमधून माझाच आवाज आला. "...तर मंडळी, गेम झकास. पण हा बेटांचा नवा भाग? पैसे घालू नका."

"हिचं काही खरं नाही," मोबाइलवाला पुटपुटला.

नवे गेम, त्यांचे वाढीव भाग, आत विकायला मांडलेले कपडे-दागिने... यातलं काय घ्यावं, काय नको, हे मी माझ्या यूट्यूब चॅनेलवर सांगते. चेहरा दाखवत नाही, फुकटचं काही घेत नाही आणि कुणाची भीड ठेवत नाही. मग याची कशाला ठेवू?

"का हो? काय चुकलं तिचं?"

"एकटीनं खेळलीय ती. बेटांवरची होडी दोघांनी वल्हवायची असते. एकटं माणूस गोल गोलच फिरणार ना—" तो थांबला. माझ्याकडे बघून कानापर्यंत लाल झाला. "हा आवाज... तुमचाच?"

"माझाच. आणि दुसरं वल्हं मारायला कोण येणार होतं?"

"मी आहे की."

असा केयूर भेटला. चाकणच्या कारखान्यात तो गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. कंपनीची बस त्याला टपरीपाशी सोडायची. मग संध्याकाळी तिथे चहा, आणि आपापल्या घरी गेल्यावर गेममध्ये होडी. हेडफोनमध्ये "डावीकडे, ऋता, डावीकडे!" ऐकू आलं, की मी मुद्दाम उजवीकडे वल्हवायचे. त्याचं ते वैतागून हसणं मला फार आवडायला लागलं होतं. बेटांचा भाग पैसे वसूल आहे, असं मी चॅनेलवर जाहीर केलं. निकाल बदलायची माझी ती पहिलीच वेळ.

आणि एक दिवस गेममधल्या माझ्या बाईच्या हातात मोरपंखी छत्री आली. भेट म्हणून, पाठवणाऱ्याचं नाव नाही. गेमच्या दुकानात तिची किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले. निकाल बदलला म्हणून गेमच्या कंपनीनंच खूश होऊन पाठवली असणार... लाच! मला! डोकंच फिरलं. लगेच व्हिडिओ टाकला: "या छत्रीनं ना पाऊस अडतो, ना होडी पळते. हिच्यावर पैसे उधळणाऱ्यानं अक्कल गहाण ठेवली असणार!"

त्यानंतर केयूर ना होडीत, ना टपरीवर. फोनही उचलेना. चहा गोड लागेना. शेवटी एका भुरभुरत्या संध्याकाळी मी त्याच्या बसच्या पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. साहेब तिथे उतरले.

"टाळताय मला?"

"अक्कल सोडवून आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "गहाण पडलीय ना."

"ती छत्री... तुम्ही?"

"होडीत सारखी भिजायची तुमची बाई. बघवेना. नाव टाकायला मात्र धीर झाला नाही."

"मला वाटलं, कंपनीनं—"

"मग आता निकाल बदलणार?"

हो म्हटलं असतं तर तो लगेच हसला असता. पण ते माझ्याच्यानं होईना. "नाही. छत्री महागच आहे. कुणी विचारलं तर नकोच सांगेन." त्याचा चेहरा उतरला. "पण घेणाऱ्याबद्दल जे बोलले, ते चुकलं. तेही चॅनेलवरच सांगणार आहे, सगळ्यांसमोर."

"आमच्याकडे नापासाचा लाल टॅग लागलेला माल गाडीला लागत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"दुरुस्त करून परत तपासत नाही कधी?"

"तपासतो... पण मग तपासणी कडक. रोजची."

"चालेल." मी श्वास घेतला. "केयूर, मला तुम्ही आवडता. खूप."

त्यानं मान वर केली. मग हळूच म्हणाला, "हा निकाल एकटीनं खेळून दिलेला नाही ना?"

"नाही. दोघांनी."

"मग मलाही मान्य आहे, ऋता. कधीचा."

पाऊस वाढला. मी पर्समधून माझी काळी, एक काडी वाकलेली छत्री काढली. तो वाकून आत शिरला. त्याचा उजवा खांदा माझ्या बाजूला, डावा अख्खा पावसात.

"डावीकडे सरक ना थोडी," तो म्हणाला.

या वेळी मी डावीकडेच सरकले.