दुसरी ओळ

फ्यूजकाकांना एखादी वस्तू नुसती चालून पुरत नसे; ती का चालते तेही कळायला हवं असे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी एकतीस वर्षं विजेचे पॅनेल सांभाळले. हे नाव तिथल्या फिटर मंडळींनी ठेवलेलं. ते नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं. बायको मात्र लग्नापासून ‘अहो’वरच थांबली होती.

तिची फुप्फुसं दोन वर्षांपासून थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन सतत घुरघुरत असे आणि त्याची पातळ नळी तिच्या नाकाशी. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद पडलं तर पुढचं कुणी बोलायचं नाही. म्हणून काकांनी मोठा यूपीएस बसवला. पण वीज गेल्यावर तो नेमका किती मिनिटं तग धरील, हे त्याच्यावरचे तीन हिरवे दिवे काही सांगत नव्हते. मग त्यांनी खिडकीखाली जुना कॉम्प्युटर मांडला आणि यूपीएसवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आतला कोड सगळ्यांना खुला. काकांना ते आवडलं. झाकून ठेवलेल्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता.

तीन दिवस त्या सॉफ्टवेअरने त्यांच्या नाकात दम आणला. केबल जोडली तरी यूपीएस ओळखेना. ओळखला तर परवानगी नाही म्हणे. परवानगी दिली तर व्होल्टेज शून्य दाखवी.

“अहो, झालं का तुमचं?” बायको मध्ये मध्ये दम घेत विचारी.

“होतंय.”

“एवढं पंपघर... चालवलंत ना तुम्ही?”

“पंप उलट बोलत नव्हते.”

ती हसली, आणि हसण्याची किंमत म्हणून बराच वेळ खोकली.

चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर आकडे आले. यूपीएस, लाइनवर. चार्ज शंभर टक्के, लोड बावीस, वेळ बेचाळीस मिनिटं. काकांनी जीव मुठीत धरून प्लग उपटला. ‘लाइनवर’च्या जागी ‘बॅटरीवर’ आलं, मशीनची घुरघुर तशीच राहिली. त्यांनी प्लग परत लावला आणि घाम पुसला.

“बेचाळीस मिनिटं,” त्यांनी सांगितलं.

“पुष्कळ झाली,” ती म्हणाली.

तेव्हाच त्यांना खालची ओळ दिसली. यंत्राचं नाव नाही. स्थिती: बॅटरीवर. चार्ज: एकोणीस. लोड: चार.

घरात यूपीएस एकच होता. जुनी नोंद राहिली असेल म्हणून काकांनी ती ओळ पुसली. पाच मिनिटांत ती परत आली. केबल काढली तर वरची ओळ गेली, खालची राहिली. सॉफ्टवेअर नव्याने बसवून पाहिलं, केबल बदलली, शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा लॅपटॉप मागून आणला. त्याच्यावरही तीच ओळ, तेच एकोणीस.

दहा दिवसांनी सोळा.

काकांची नजर आपसूक पलंगाकडे जायला लागली. तिचा श्वास, नखांचा रंग, गालांची हाडं. मनातली शंका त्यांनी शब्दांत येऊ दिली नाही. पण रोज सकाळी आधी तो आकडा पाहायचा आणि मगच तिला उठवायचं, असा नेमच पडला. गंमत म्हणजे आकडा उतरत होता आणि ती मात्र होती तशीच होती. उलट जरा बरी. आता उशीला टेकून बसायची, पेपर वाचून घ्यायची.

सॉफ्टवेअर दर अर्ध्या मिनिटाला नोंद ठेवत असे. एका दुपारी काका ती फाइल उघडून बसले. लोड बहुतेक वेळ चार. मधूनच अकरा. काही ठिकाणी सलग पंचवीस-तीस मिनिटं नुसती रेघ. रेघेच्या वेळा त्यांनी कागदावर उतरवल्या. बुधवारी दहा वीस ते दहा पन्नास. शुक्रवारी सव्वापाच ते पावणेसहा.

बुधवारी ते औषधं आणायला गेले होते. शुक्रवारी भाजीला.

आणि अकरा? जिना चढून घरात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं अकरा. खुर्चीत टेकलं की चार.

त्यांनी फाइल बंद केली. उठून गॅसवर पाणी ठेवलं, ते उकळून आटेपर्यंत तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शिंपी उशीचे अभ्रे द्यायला वर आला. काकांनी त्याला आग्रहाने खुर्चीत बसवलं आणि पडदा पाहत राहिले. नवी ओळ आली नाही.

“काय काका, टाका चुकला का माझा?” शिंपी म्हणाला. “असे काय बघताय?”

“काही नाही. तुझं बरं चाललंय ना?”

“झकास!”

तो गेल्यावर काकांनी त्या दुसऱ्या यंत्राची सगळी माहिती मागवली. बहुतेक रकाने रिकामे निघाले. एकच भरलेला होता. लाइन शेवटची कधी होती: तीन वर्षांपूर्वीची तारीख, सकाळी अकरा बेचाळीस.

तारीख ओळखायला त्यांना कागद लागला नाही. तरीही त्यांनी कपाटातून अपघाताच्या अहवालाची प्रत काढली. पंपघरातल्या मोठ्या पॅनेलचा भडका उडाला तो दिवस. काका भिंतीवर आपटले होते. नंतर डॉक्टरांनी तपासून साधा ओरखडाही नाही म्हणून सांगितलं, आणि हेडफिटर सगळ्यांना सांगत सुटला, “मी म्हटलं, फ्यूज उडाला! देव तारी त्याला कोण मारी!” अहवालात वेळ होती अकरा बेचाळीस. अक्षर त्यांचंच.

आकडा नऊवर आला तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, सहा तासांवर.

“इकडे ये. कायमची.”

“बाबा, आईला काही झालंय का?”

“आई ठीक आहे.”

“मग? अशी नोकरी सोडून येऊ? काहीतरी कारण तरी सांगा.”

“आईचं मशीन कुणाला तरी शिकवायला हवं.”

“तुम्हाला काय झालंय?”

“मला काय धाड भरलीय,” काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्यामुळेच बहुधा ती घाबरली. “येते,” म्हणाली.

तिला सगळं आवरून यायला पंधरा दिवस लागले. तोवर काकांनी वहीत सगळं लिहून काढलं. बॅटरी कधी बदलायची, नळी कशी धुवायची, मशीनवाल्याचा नंबर. आकडा पाच झाला होता. आता रात्री झोप लागत होती. आपल्यामागे तिला कुणीतरी आहे, एवढं पुरेसं होतं.

मुलगी आली ती दुपारी. बॅग टेकवून आधी आईच्या कुशीत शिरली.

“उशीर झाला गं,” आई म्हणाली.

“घाटात बस घसरली. कठड्यावर अशी आपटली की मी म्हटलं, संपलं. पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आई. ड्रायव्हर तर रडायलाच लागला.” ती काकांकडे वळली. “कुठंय तुमचं ते मशीनचं? दाखवा तरी.”

काका पडद्यासमोरच होते.

पडद्यावर तीन ओळी होत्या.

त्यांनी तिसरीची माहिती मागवली.

“बस किती वाजता घसरली?”

“सव्वाआठच्या आसपास. का?”

पडद्यावर आठ चौदा होते. आजची तारीख. लोड एकतीस. चार्ज दोन.

“बाबा?”

“काही नाही. बस तू. बस आधी.”

ती आईच्या पायाशी बसली. आईने तिचा हात हातात घेतला आणि आनंदाने काकांकडे पाहिलं. पहिल्या ओळीत शंभर टक्के होते, बेचाळीस मिनिटं होती.

“झोप येतेय,” मुलगी जांभई देत म्हणाली. “उद्या शिकवा हं मला सगळं.”

तिसऱ्या ओळीत एक झाला.